नानांचं नाक आणि डीटरच्या बाटल्या

आमच्या फॅक्टरीत दोन गोष्टींचे ढीग रोज वाढायचे. एक केळ्याच्या सालींचा आणि दुसरा किश्श्यांचा. सालींचा ढीग संध्याकाळी ट्रॅक्टर येऊन उचलून न्यायचा. किस्से उचलायला मात्र कोणीच आलं नाही, त्यामुळे ते अजून माझ्याकडेच पडून आहेत. त्यातले बिअरचे तेवढे आज काढतो. बिअरचे म्हणतोय खरा, पण ते सगळे फिरून नानांच्या नाकापाशीच येतात, त्याला माझा इलाज नाही!

नव्वदच्या दशकातली गोष्ट. जळगावच्या बाहेर केळ्याचा पल्प काढायची आमची फॅक्टरी होती. कच्ची केळी यायची, चेंबरमध्ये पिकायची, मग सोलून, गर काढून, डब्यांत भरून परदेशात जायची. मी लॅबमध्ये केमिस्ट. इक्बालभाई बॉयलरवर. आणि नाना पाटील चेंबरवर. नाना मूळचे धरणगावकडचे, पण उमर सगळी केळ्याच्या वखारीत गेलेली. चेंबरचं दार थोडंसं उघडायचे, नाक आत घालायचे आणि सांगायचे, "हाई आज काढा. हाई उद्या." बस्स! त्यावर अख्खी शिफ्ट लागायची. मॅनेजर साहेब पाहुण्यांना नानांकडे बोट करून सांगायचे, "हे आमचं नाक!"

आणि एक दिवस ते नाकच गेलं.

नाना मोपेडवरून घसरून डोक्यावर पडले. घसरले कशावरून, तर केळ्याच्या सालीवरून! हे सांगायची आम्हालाच लाज वाटायची, म्हणून आम्ही सगळीकडे 'खडीवरून' असं सांगितलं. जखम भरली, टाके निघाले, नाना कामावर आले. चेंबरचं दार उघडून नाक आत घातलं आणि तसेच उभे राहिले. मग हळूच माझ्याकडे वळले.

"भाऊ, माले वास येत नही."

"कशाचा?"

"कशानाच."

साहेबांना कळलं तर नाना गेटवर वॉचमन म्हणून बसणार, हे उघड होतं. ज्या माणसाच्या नाकावर फॅक्टरी चालायची, त्यानं गाड्यांचे नंबर लिहीत बसायचं! नानांनी माझा हात धरला. "सायबले सांगू नको. अन् घरमा बी सांगू नको. ती घाबरी जाई."

मी कोणालाच सांगितलं नाही. फक्त इक्बालभाईंना सांगितलं, कारण इक्बालभाईंना न सांगितलेली गोष्ट माझ्या पोटात राहायचीच नाही.

*

मी नानांना धुळ्याच्या एका नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. डॉक्टरांनी तीन छोट्या बाटल्या काढल्या आणि एकेक नानांच्या नाकाखाली धरली. नानांचा स्वभाव भिडस्त. पहिल्या बाटलीला ते म्हणाले, "चांगलं शे." दुसरीला, "हाई बी चांगलं शे." तिसरीला तर मान डोलावून म्हणाले, "हाई बठ्ठास्मा भारी!"

डॉक्टर म्हणाले, "नाना, पहिल्यात हिंग होता, दुसऱ्यात निलगिरी. तिसरी बाटली रिकामी आहे!"

मग त्यांनी नीट समजावून सांगितलं. मार लागल्यावर कधी कधी असं होतं. परत येईलही, न येईलही. पण नाकाला स्वस्थ बसू द्यायचं नाही. रोज वेगवेगळे वास द्यायचे, एकमेकांशी ताडून बघायला लावायचं.

आता वेगवेगळे वास ताडून बघायला सुरुवात कुठून करायची? धुळ्याच्या स्टँडजवळ एक परमिट रूम दिसली! मी वेटरला म्हटलं, "एक माइल्ड आण, एक स्ट्राँग आण, दोन वेगळ्या ग्लासांत ओत. आम्हाला ताडून बघायच्या आहेत." त्यानं आमच्याकडे विचित्र नजरेनं पाहिलं आणि दोन ग्लास आणून ठेवले.

मी दोन्ही चाखल्या. म्हटलं, "फरक बघा नाना! ही हलकी, धान्याचा वास आहे. आणि ही? जडशीळ! घशाशी कडू, डोक्यात भिनणारी!" नानांनी डोळे मिटून एक घोट घेतला, मग दुसरा. बिचारे पडेल आवाजात म्हणाले, "माले दोन्ही एकच लागस."

बिल देताना वेटर माझ्या कानाशी लागला. "साहेब, रागावू नका. स्ट्राँग संपली होती. दोन्ही ग्लास एकाच बाटलीतले आहेत."

त्या दिवसापासून माझं नाक चांगलं आहे, असं मी कुठे बोललो नाही.

*

नानांची नोकरी टिकवायला आम्ही एक युक्ती काढली. माझ्याकडे लॅबमध्ये रिफ्रॅक्टोमीटर होता. केळ्याच्या रसाचा थेंब त्यावर ठेवून डोळा लावला की गोडी किती झाली ते दिसायचं. मी सकाळी गुपचूप प्रत्येक चेंबरमधलं एक केळं तपासायचो. मग नाना राउंडला निघाले की मागे मागे चालायचो. एकदा खोकलो की 'आज काढा'. दोनदा खोकलो की 'उद्या'.

झकास चाललं होतं. साहेबसुद्धा म्हणाले, "अपघातानंतर नानांचं नाक आणखी तीक्ष्ण झालंय!"

आणि मला सर्दी झाली. साधीसुधी नाही, खोकल्याची! पहिल्या चेंबरपाशी मी जो सुरू झालो तो थांबेना. नाना दाराशी उभे राहून बोटांवर मोजत होते. मोजता मोजता बोटं संपली! साहेब शेजारी उभे. नानांनी शांतपणे दार लोटून घेतलं आणि म्हणाले, "सायेब, आज केळीसना ताल कळत नही. आज कोन्हतंच चेंबर उघडू नका."

साहेबांचे डोळे भरून यायचे तेवढे राहिले. म्हणाले, "बघा! याला म्हणतात अनुभव. दुसरा कोणी असता तर काहीतरी ठोकून दिलं असतं!"

*

डीटर आला तो नव्या मशिनीबरोबर. जर्मनीच्या दक्षिणेकडच्या एका खेड्यातला हा इंजिनिअर. मशीन बसवून, चालवून, आम्हाला शिकवून मग परत जायचा होता. धिप्पाड, लालबुंद, आणि जळगावच्या मे महिन्यात तर पिकलेल्या टोमॅटोसारखा दिसायचा. त्याच्या मेव्हण्याची गावात छोटीशी ब्रूअरी होती. मशिनीच्या स्पेअर पार्टच्या पेट्या यायच्या, त्यात गॅस्केटच्या आणि व्हॉल्व्हच्या मधल्या पेंढ्यात मेव्हण्याच्या बाटल्या झोपलेल्या असायच्या!

नानांच्या नाकाचं मी त्याला विश्वासात घेऊन सांगितलं. तो लगेच म्हणाला, "मग रविवारी गेस्ट हाउसवर या. माझ्याकडे प्रत्येक बाटलीला वेगळा वास आहे."

असे आमचे रविवार सुरू झाले. डीटर ओतायचा आणि शिकवायचा. बिअरची दोन घराणी. एक थंडीत, संथपणे आंबणारं, ते लागर. दुसरं उबेत, भराभर आंबणारं, ते एल. हे मी नानांना समजावून सांगितलं तर नाना खूश झाले. "म्हणजे दुसरं घराणं आपलं खान्देशनं!"

इक्बालभाई पीत नसत. पण न चुकता यायचे. "पिणार नाही, पण वास घ्यायला कुठे बंदी आहे?" ते बाटली उघडल्या उघडल्या नाक लावायचे आणि निकाल द्यायचे. पहिल्या रविवारी कडवट लागर निघाली. इक्बालभाई म्हणाले, "मेथीची भाजी." दुसरी एक काळपट एल होती. "काकवी. जरा जास्त आटलेली." डीटर हे सगळं कौतुकानं ऐकायचा. नाना मात्र प्रत्येक वेळी ग्लास हुंगायचे, मान हलवायचे आणि ग्लास खाली ठेवायचे.

मग एक बिअर अशी निघाली की डीटरनं आधी बाटलीला नमस्कारच केला. तिचं धान्य लाकडाच्या धुरावर वाळवलेलं असतं म्हणे. इक्बालभाईंनी नाक लावलं आणि ओरडले, "अरे नाना, ये तो भरीत है!"

खरंच! पऱ्हाटीच्या जाळावर वांगी भाजताना येतो तोच वास. डीटरला भरीत म्हणजे काय ते समजेना. म्हणून पुढच्या रविवारी आम्ही गेस्ट हाउसच्या मागे कपाशीच्या काड्या पेटवल्या आणि मोठी हिरवी वांगी भाजली. डीटर त्या धुरात उभा राहिला तो हलेचना. शेवटी डोळे पुसत म्हणाला, "माझं गाव!"

आम्ही म्हटलं, धूर डोळ्यांत गेला असेल. पण त्यानं भरीत एवढं खाल्लं की धुराचा संशय उरला नाही.

*

एल फ्रीजमध्ये ठेवायची नाही, यावर डीटर अडून बसला होता. "फार गार केली की वास मरतो. तळघरात असतो तेवढाच गारवा हवा."

आता जळगावात मे महिन्यात तळघराचा गारवा कुठून आणायचा? गेस्ट हाउसच्या नळाला चहा करता येईल असं पाणी यायचं. नाना म्हणाले, "तळघर कसाले पाहिजे? मना चेंबर शे ना!"

केळी पिकवायच्या चेंबरमध्ये बरोब्बर हवा तसा गारवा असायचा. तीन नंबरच्या चेंबरमध्ये, क्रेटच्या मागे, डीटरच्या बाटल्या विसावल्या. आणि दुसऱ्याच दिवशी साहेब चेंबर बघायला आले! वाकून त्यांनी एक बाटली बाहेर काढली. "हे काय आहे?"

मी गार पडलो. इक्बालभाई छताकडे बघू लागले. नाना अजिबात डगमगले नाहीत. "जर्मनीनं औषध शे सायेब. केळी पिकाडानं."

साहेबांनी डीटरकडे पाहिलं. डीटरला मराठी येत नव्हतं, त्यानं जोरात मान डोलावली.

"मग लपवून काय ठेवलंय? आत्ताच्या आत्ता टाका!"

चेंबरमध्ये ओलाव्यासाठी पाण्याचा ट्रे असायचा. नानांनी एकेक बाटली उघडली आणि ती सुंदर, काळीभोर एल साहेबांच्या देखत ट्रेमध्ये ओतली. डीटर भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. इक्बालभाईंनी टोपी काढून हातात घेतली.

पुढे त्या चेंबरची केळी निघाली तेव्हा साहेब एक फणी हातात घेऊन अख्ख्या फॅक्टरीत फिरले. "रंग बघा, रंग! जर्मनीचं औषध ते जर्मनीचं!" आणि त्यांनी डीटरला गंभीरपणे विचारलं, "याचा ड्रम मिळतो का?"

*

हे सगळं बघून मलाही सुरसुरी आली. म्हटलं, आपणच एल करू. डीटर म्हणाला, धान्य भिजवायचं, कोंब आणायचे, वाळवायचं, मग पुढचं मी दाखवतो. इथे बार्ली कुठून मिळणार? मी ज्वारी घेतली. भिजवली, कोंब आणले आणि गच्चीवर चादर पसरून वाळत घातली. काय कोंब आले होते! मी दिवसातून चार चकरा मारायचो.

नेमकी तेव्हाच माझी मोठी बहीण, अक्का, चाळीसगावहून पापडांसाठी आलेली होती. एक दिवस कामावरून आलो तर गच्चीवर चादर तीच, पण तिच्यावर गोल गोल बिबड्या! खान्देशात ज्वारी भिजवून, आंबवून पापडासारख्या घालतात त्या.

"अक्का! माझी ज्वारी?"

"अरे, कोंब आलेली ज्वारी टाकून कशी द्यायची? कुटली, शिजवली, घातल्या बिबड्या. पण या वेळी गोड का लागतायत कोण जाणे."

त्या भाजलेल्या बिबड्या मी रविवारी डीटरपुढे ठेवल्या. एक तुकडा तोंडात टाकून तो उभाच राहिला. "हे तर माल्ट आहे! बिअरचं कोंब आणलेलं धान्य!" त्यानं अक्काला चवड बांधून द्यायला सांगितली आणि मेव्हण्यासाठी बॅगेत ठेवली. माझी एल अशी पापडाच्या रूपात जर्मनीला गेली. नाना म्हणाले, "चला, चावानी बिअर बी पाही लिधी!"

*

नानांच्या घरी जेवण म्हणजे पूर्वी आमची चैन असायची. वहिनींच्या हातची शेवभाजी एकदा खाल्ली की माणूस पुढच्या आमंत्रणाची वाट बघत बसायचा. डीटरला ती खायला घालायचीच, म्हणून एका संध्याकाळी आम्ही सगळे गेलो.

पहिल्याच घासाला माझं आणि इक्बालभाईंचं तोंड वाकडं झालं. लसूण पार करपलेला! कडू जहर! आम्ही पाण्याबरोबर गिळत होतो. वहिनी स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या होत्या. आमच्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. त्या नुसत्या नानांच्या तोंडाकडे बघत होत्या.

"झकास!" नाना म्हणाले. "आज भलतीच भारी व्हयनी भाजी!"

वहिनी वळून आत गेल्या.

डीटरनं मात्र तीनदा मागून घेतली. "धूर!" तो म्हणाला. "माझ्या गावच्या बिअरसारखा धूर!"

परत जाताना इक्बालभाई हळहळले. "वहिनींचा हात गेला, भाई. क्या हात था!" मलाही वाईट वाटलं. एका घरात नवऱ्याचं नाक जावं आणि बायकोचा हात जावा, म्हणजे फारच झालं.

*

डीटर निघायचा दिवस जवळ आला आणि साहेबांनी बॉम्ब टाकला. सोमवारी परदेशातले खरेदीदार येणार. "आपण त्यांना नाना दाखवू! डोळ्यांवर पट्टी बांधायची आणि नुसत्या वासावर चेंबर ओळखायला लावायचं. लॅबच्या लोकांनी त्या दिवशी लॅबमध्येच थांबा, मध्ये गर्दी नको."

म्हणजे माझा खोकलाही बाद! नाना दोन घास जेवेनात. रविवारी दुपारी डीटरच्या निरोपाला आम्ही गेस्ट हाउसवर जमलो, पण निरोप नक्की कोणाचा ते कळत नव्हतं. कूलरचा घर्रघर्र आवाज तेवढा चालू. नाना म्हणाले, "उद्या मीच सायबले सांगी देस. पट्टी बांधीसन इज्जत जावापेक्षा गेटवर बसेल बरं."

डीटरनं शेवटची बाटली काढली. गव्हाची बिअर. एल घराण्यातलीच, गढूळ, भरपूर फेसाची. ओतताना तो स्वतःशीच हसत होता. "ही मुद्दाम मागे ठेवली होती. जळगावात ही उघडण्यात काही अर्थ नाही, असं वाटत होतं."

मी चाखली. गोडसर. वास असा काही नाहीच. इक्बालभाईंनीही नाक लावलं. "कुछ नहीं. सादा."

नानांनी ग्लास उचलला. तोंडापर्यंत नेला. आणि हात तिथेच थांबला.

"यामा केळं कोन्ही टाकं?"

इक्बालभाईंनी माझ्याकडे पाहिलं. उद्याच्या धास्तीनं माणसाला भास व्हायला लागले, असंच मला वाटलं. मी हलकेच म्हटलं, "नाना, केळं नाही त्यात. गव्हाची बिअर आहे ती."

"केळं शे! पिकेल. ठिपका पडेल केळं. आजच काढाले पाहिजे हाई!"

डीटर विचारत होता, काय म्हणतात नाना? मी ओशाळून सांगितलं, "त्यांना केळ्याचा वास येतोय म्हणे."

डीटरनं बाटली खाली ठेवली. "पण येतोच! या बिअरला केळ्याचाच वास असतो! केळं नसतं, पण वास असतो. माझ्या गावात कोणालाही विचार. फक्त तुम्हा लोकांना तो येणार नाही, असं मला वाटलं होतं."

आम्हाला कुठून येणार? केळ्याचा वास आमच्या शर्टात, केसात, जेवणाच्या डब्यात मुरलेला! तो ओळखायला सगळे वास पुसलेलं कोरं नाक हवं होतं. नाना तोवर उठले होते. कूलरच्या वाळ्याला नाक लावून आले. इक्बालभाईंच्या बाहीला लावून म्हणाले, "डिझेल!" मग माझ्याजवळ आले, एक दीर्घ श्वास घेतला आणि झटकन मागे सरले.

"भाऊ, तू रोज असाच वास मारस? अन् मी तुना शेजारी बसू?"

आयुष्यात कोणी घाण म्हटल्याचा इतका आनंद मला कधी झाला नाही! डीटरनं नानांना उचललं, इक्बालभाईंनी मला मिठी मारली, आणि मी डिझेलच्या त्या वासात चक्क रडलो.

*

त्या संध्याकाळी नानांना स्कूटरवर बसवून मी घरी सोडायला गेलो. नाना वाटभर एकेक वास मोठ्यानं सांगत होते. भजी. म्हैस. पेट्रोल. मोगरा. पुन्हा म्हैस.

घराच्या फाटकाशी उतरले आणि थबकले. नाक वर केलं. मग तिथूनच ओरडले, "अवं ए! लसूण करपना!"

वहिनी हातात झारा घेऊन बाहेर आल्या. मला वाटलं, आता भांडण होणार.

"काय म्हनतस?"

"लसूण करपना म्हनस! कितला करपाडा तू!"

वहिनी तिथेच उंबऱ्यावर बसल्या. पदर तोंडाला लावला. हसतायत की रडतायत ते मला कळेना. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "भाऊ, हे पडनात तवपासून रोज मुद्दाम करपाडस मी. तुम्ही बठ्ठा मुकाट खाई गयात. आज बोलनात हे!"

नाना फाटक धरून उभे. "म्हणजे तुले माहीत व्हतं?"

वहिनी उठल्या, पदरानं तोंड पुसलं आणि आत जाता जाता म्हणाल्या, "हातपाय धोवा. आते नवी फोडणी देस."